‘क्रम जुळत नाही म्हणून नातं नाही’: फिरत्या मेसेजला उत्तर

सोलापुरातल्या बऱ्याच ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. बायोटेकच्या पोरांपासून सकाळी सिद्धेश्वर तलावाकडे फिरायला जाणाऱ्या काकांपर्यंत सगळे तो पुढे ढकलतायत. मजकूर थोडक्यात असा: ‘रोगप्रतिकारक प्रथिनांमधले अमिनो आम्लांचे क्रम एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणून त्यांचा पूर्वज एक नाही. स्फटिकावरून काढलेली रचना म्हणजे मेलेल्या प्रथिनाचा फोटो. आणि दिसायला सारखं म्हणून नातं लावणं हे शास्त्र नव्हे.’ शेवटी ‘शास्त्रज्ञ गप्प!’ हेही आहेच. गप्प कोणी नाही, यांनी कुणाला विचारलेलं नाही इतकंच.

पहिला मुद्दा क्रमाचा. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची साखळी; तिच्यात कोणतं आम्ल कुठे हा तिचा क्रम, आणि साखळी दुमडून जो आकार घेते ती तिची घडी किंवा रचना. पर्फोरिन घ्या. विषाणू शिरलेल्या पेशीच्या पटलाला आपल्या मारक पेशी याच प्रथिनाने भोकं पाडतात. तिकडे गॅस गँग्रीनचा जिवाणू परफ्रिंगोलायसिन नावाच्या विषाने आपल्याच पेशींना भोकं पाडतो. दोघांचे क्रम शेजारी ठेवले तर नात्याची खूण म्हणावी असं काही हाती लागत नाही. मेसेजमधलं एवढं खरं. पण विषाची रचना १९९७ मध्ये मिळाली, २००७ मध्ये पर्फोरिनच्या कुळातल्या काही प्रथिनांची आणि २०१० मध्ये उंदराच्या पर्फोरिनची. सगळीकडे मधोमध चार पट्ट्यांचा (साखळीच्या शेजारी-शेजारी बसलेल्या सरळ भागांचा) वाकलेला पत्रा, त्याला लागून सर्पिलांचे (साखळीच्या स्प्रिंगसारख्या पिळांचे) दोन झुबके. पटलात घुसताना हे झुबके उलगडतात आणि त्यांच्याच लांब पट्ट्या होतात. पट्ट्या एकमेकींना जोडल्या आहेत त्या क्रमानेसुद्धा तशाच.

असं का होतं, हे चादरीच्या कारखान्यात काम केलेल्या माणसाला सांगावं लागू नये. जकार्डची कार्डं (मागावर नक्षी ठरवणारी भोकांची कार्डं) तीच ठेवून सुताचे रंग एकेक करून बदलत गेलं, तर शेवटी पहिल्या चादरीतला एकही रंग उरत नाही, नक्षी मात्र तीच निघते. प्रथिनाच्या गाभ्यात पाण्यापासून लांब राहणारं एक अमिनो आम्ल जाऊन तसंच दुसरं आलं तर सहसा निभावतं. घडीच मोडली तर प्रथिन निकामी, आणि तो बदल पुढच्या पिढ्यांत टिकत नाही. म्हणून क्रम पुसला जातो तरी घडी राहते.

‘मेलेल्या प्रथिनाचा फोटो’ यावर फार शाई नको. प्रथिनाच्या स्फटिकात साधारण निम्मं पाणीच असतं, आणि काही विकरं (शरीरातल्या रासायनिक क्रिया घडवणारी प्रथिनं) स्फटिकात असतानाही आपलं काम करतात.

तिसरा आक्षेप मात्र दमदार आहे, आणि तो आधी शास्त्रज्ञांनीच घेतलाय. प्रतिपिंडांसारखी घडी सुपरऑक्साइड डिस्म्युटेज या विकरातही दिसते. पण ते साम्य वेगवेगळ्या वाटांनी आलेलं असावं असं मानतात. नुसता चेहरा पाहून सोयरिक जुळवू नये, हे कबूल. म्हणून आणखी पुरावे लागतात.

एचएलए-ए२ या प्रथिनाची रचना १९८७ मध्ये प्रसिद्ध झाली: आठ पट्ट्यांच्या पत्र्यावर दोन सर्पिलं आणि त्यांच्यामधली खाच. या खाचेत विषाणूच्या प्रथिनाचा तुकडा धरून ते पांढऱ्या पेशीला दाखवतं. पुढे सीडी१ या प्रथिनाची रचना मिळाली; घडी तीच, पण खाच खोल आणि तिच्यात स्निग्ध पदार्थ. आईकडून बाळाकडे प्रतिपिंडं पोचवणाऱ्या एफसीआरएन या प्रथिनात खाच जवळजवळ मिटलेली. शरीरातल्या लोहाचा हिशेब ठेवणाऱ्या एचएफई या प्रथिनाचंही तसंच. कामं चार तऱ्हांची, पण चौघांना साथीदार एकच: बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन नावाचं छोटं प्रथिन, तेही त्याच बाजूला चिकटलेलं. याला योगायोग म्हणायचं असेल तर म्हणा बापडे.

हे नातं दवाखान्यातही कामी आलंय. एचएफईमध्ये २८२ व्या जागी सिस्टीनऐवजी टायरोसीन आलं की शरीरात लोह साचण्याचा आनुवंशिक आजार होऊ शकतो. १९९६ मध्ये हे जनुक सापडलं तेव्हा एचएफईची रचना हातात नव्हती. पण एचएलएमध्ये नेमक्या याच ठिकाणी दोन सिस्टीनमध्ये गंधकाचा सांधा असतो, हे माहीत होतं. त्यावरून संशोधकांनी ताडलं, की सांधा तुटला म्हणजे बीटा-२ची पकड सुटणार आणि एचएफई पेशीच्या पृष्ठभागापर्यंत पोचणार नाही. प्रयोगांत तसंच निघालं.