नॉर्म स्मिथचा तळतळाट: आठवडाभरही न टिकलेल्या हकालपट्टीवर ५७ वर्षांचं खापर

ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलची, म्हणजे तिथल्या भाषेत ‘फूटी’ची, थोडी जरी ओळख असेल तरी ही गोष्ट तुमच्यापर्यंत पोचली असेल. दर सप्टेंबरमध्ये ग्रँड फायनल, म्हणजे विजेता ठरवणारा मोसमाचा शेवटचा सामना, जवळ आली की ती पुन्हा फिरू लागते. गोष्ट अशी: “मेलबर्न फुटबॉल क्लबने १९६५ साली आपला सर्वात यशस्वी कोच नॉर्म स्मिथ याला भर मोसमात, लेखी निरोप धाडून काढून टाकलं. दुखावलेल्या स्मिथने क्लबला शाप दिला. तोवर विजेतेपदांची रास लावणारा हा क्लब त्यानंतर ५७ वर्षं एकही विजेतेपद जिंकू शकला नाही. शेवटच्या पायरीवर येऊन तो दर वेळी कोसळला. २०२१ मध्ये शाप सुटला.”

ऐकायला झकास आहे. तपासायला घेतली की मात्र एकेक वाक्य हातात येतं.

“काढून टाकलं”

काढलं, हे खरं. जुलै १९६५ मध्ये क्लबच्या समितीने स्मिथला घरी निरोप पाठवून कोचपदावरून दूर केलं, आणि सबंध शहर हादरलं. हा माणूस मेलबर्नकडून खेळाडू म्हणून १९३९, १९४०, १९४१ आणि १९४८ ही चार विजेतेपदं जिंकला होता, आणि कोच म्हणून १९५५, ५६, ५७, ५९, ६० आणि ६४ ही सहा. क्लबच्या आजवरच्या एकूण १३ विजेतेपदांपैकी १० मध्ये त्याचा हात आहे. अशा माणसाशी समिती असं वागली. त्याबद्दल समितीला जेवढे बोल लावाल तेवढे थोडे.

पण फिरणारी गोष्ट इथेच थांबते आणि पुढचा भाग गाळते. लोकांनी आणि वर्तमानपत्रांनी उठवलेल्या गदारोळापुढे समिती नमली आणि आठवड्याच्या आत स्मिथ पुन्हा कोच झाला. मधल्या काळात त्याचा फक्त एक सामना चुकला. त्या दिवशी जुने कोच चेकर ह्यूज यांनी संघ सांभाळला आणि संघ नॉर्थ मेलबर्नकडून हरला. स्मिथ त्यानंतर १९६७ अखेरपर्यंत मेलबर्नचाच कोच होता. म्हणजे ज्या ‘शापित’ काळाची बोटं मोजली जातात, त्यातले पहिले जवळजवळ तीन मोसम खुद्द शाप देणाऱ्यानेच संघ चालवला. त्या तीनही मोसमांत संघाला अंतिम फेऱ्या, म्हणजे वरच्या क्रमांकाच्या संघांत होणाऱ्या आणि ग्रँड फायनलने संपणाऱ्या फायनल्स, गाठता आल्या नाहीत. आपलाच तळतळाट आपल्याच संघाला लावून मग दर शनिवारी त्याच्याशी झुंजत बसणारा कोच कल्पून पाहा.

“त्याने शाप दिला”

कधी, कुठे, कुणासमोर? यातलं एकही नक्की होत नाही. कुणी म्हणतं निरोप मिळाला त्याच रात्री, कुणी म्हणतं क्लब कायमचा सोडताना, आणि शब्द तर प्रत्येक सांगणाऱ्यागणिक बदलतात.

मला त्याहून खटकतं ते वेगळंच. या गोष्टीत अन्याय सोसणारा माणूस खलनायक होतो आणि अन्याय करणारी समिती बिचारी ठरते. स्मिथ कडक होता, त्याच्या तोंडाला लगाम नव्हता, खेळाडू त्याला वचकून असत. हे सगळं नोंदलेलं आहे. पण खुनशी? मेलबर्न सोडल्यावर तो १९६९ मध्ये साउथ मेलबर्नचा कोच झाला आणि १९७० मध्ये त्या क्लबला १९४५ नंतर पहिल्यांदा फायनल्सपर्यंत घेऊन गेला. १९७३ च्या जुलैमध्ये, वयाच्या ५७ व्या वर्षी तो वारला. ग्रँड फायनलमधल्या सर्वोत्तम खेळाडूला १९७९ पासून जे पदक देतात ते त्याच्या नावाचं आहे. सगळ्या लीगने ज्याच्या नावाचं पदक केलं, त्याच्या नावावर शापाची अफवा चिकटावी हे विचित्रच.

आणि रॉन बरासीचं काय? बरासीचे वडील मेलबर्नचे खेळाडू, १९४१ मध्ये टोब्रुकला युद्धात मारले गेले. मुलगा किशोरवयात स्मिथच्या घरामागच्या खोलीत राहायला आला आणि जवळजवळ त्याच्याच घरचा झाला. स्मिथच्या हाताखाली तो त्या काळचा सर्वात मोठा खेळाडू बनला. पुढे कोच म्हणून त्याने कार्लटनला १९६८ आणि १९७० मध्ये, नॉर्थ मेलबर्नला १९७५ आणि १९७७ मध्ये विजेतेपद मिळवून दिलं आणि १९८१ मध्ये तो मेलबर्नला परतला. पहिल्याच मोसमात २२ सामन्यांत एक विजय आणि तळाचा क्रमांक. पाच मोसमांत एकदाही फायनल्स नाहीत. शाप मानायचा तर स्मिथने तो आपल्या मुलासारख्या माणसावरच सोडला असं म्हणावं लागेल.

“तोवर सगळं उत्तम चाललं होतं”

इथे गोष्ट सर्वात कच्ची आहे, म्हणून जरा थांबू.

१९५४ ते १९६० ही सलग सात वर्षं मेलबर्न ग्रँड फायनलमध्ये होता आणि त्यातल्या पाच जिंकल्या. तो खरा सुवर्णकाळ. पण १९६४ चं विजेतेपद हे त्या दिव्याचं शेवटचं मोठं होणं होतं. कॉलिंगवुडविरुद्धचा तो सामना ६४ विरुद्ध ६० असा, अवघ्या चार गुणांनी सुटला. शेवटच्या मिनिटांत नील क्रॉम्प्टन या बचावाच्या खेळाडूने, ज्याला आपली जागा सोडून इतक्या पुढे यायचं काही कारणच नव्हतं, गोल मारला; या खेळात एका गोलाचे सहा गुण. (हा क्रॉम्प्टन व्हिक्टोरियाकडून प्रथम श्रेणी क्रिकेटही खेळला होता. मेलबर्न क्लबचं क्रिकेटशी नातं जुनं आहे. १८५८ मध्ये क्रिकेटपटूंनी हिवाळ्यात अंग मोकळं ठेवावं म्हणून फुटबॉल क्लब काढा असं सुचवणारा टॉम विल्स हाच त्याचा एक जनक, आणि आपल्याला कसोटी सामन्यांमुळे ठाऊक असलेलं एमसीजी हे त्याचं मैदान.) तो एक गोल हुकला असता तर आज दुष्काळ १९६० पासून मोजला गेला असता आणि स्मिथच्या हकालपट्टीचा त्याच्याशी कुणी संबंधही जोडला नसता.

१९६४ चा मोसम संपताच बरासी कार्लटनला कप्तान-कोच म्हणून गेला. १९६५ मध्ये मेलबर्नने पहिले आठही सामने जिंकले आणि मग घसरण लागली. हकालपट्टी झाली ती या घसरणीच्या मधोमध. समिती आणि कोच यांचे संबंध आधीच बिघडलेले, संघ जुना होत चाललेला, आणि पोकळी भरणारे तरुण खेळाडू दिसत नव्हते. जुलैमधला तो निरोप मूर्खपणाचा होताच, पण आजार त्याच्या आधीचा होता.

“पुढे दशकानुदशकं काही नाही, म्हणजे काहीतरी अघटित”

काहीच नाही? ब्राउनलो पदक, म्हणजे लीगमधल्या वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान, या काळात मेलबर्नच्या चौघांना मिळाला: १९८२ ब्रायन विल्सन, १९८४ पीटर मूर, १९९१ जिम स्टाइन्स, २००० शेन वुएवोडिन. १९८७ ची रात्रीच्या सामन्यांची स्पर्धा क्लबने जिंकली. ही विजेतेपदाच्या तोडीची नव्हती हे मान्य, पण ‘कशाला हात लावला की माती’ अशी स्थितीही नव्हती.

आता अघटित किती ते पाहू. समजा, सगळे क्लब तुल्यबळ आहेत. १९६५ ते २०२० या काळात लीग १२ क्लबांवरून वाढत वाढत १८ वर गेली. तेवढ्या ५६ मोसमांत एखाद्या ठरावीक क्लबला एकही विजेतेपद न मिळण्याची शक्यता साठात एक येते. लहान वाटते, पण प्रश्न मेलबर्नपुरता नाही. सुरुवातीच्या बारा क्लबांपैकी कुणा ना कुणावर ही पाळी येण्याची शक्यता साधारण पाचात एक होते. शिवाय क्लब तुल्यबळ कधीच नव्हते.

आकडेमोड नको असेल तर शेजारी बघा. साउथ मेलबर्न, जो पुढे सिडनीला हलून स्वान्स झाला, १९३३ नंतर थेट २००५ मध्ये जिंकला. ७२ वर्षं. फुट्सक्रे, म्हणजे आजचा वेस्टर्न बुलडॉग्स, १९५४ नंतर २०१६ मध्ये. ६२ वर्षं. जीलाँग ४४ वर्षं थांबला. फिट्झरॉय १९४४ नंतर कधीच जिंकला नाही आणि १९९६ मध्ये त्याचं लीगमधलं अस्तित्वच संपलं. सेंट किल्डाच्या नावावर सगळ्या इतिहासात एकच विजेतेपद आहे, १९६६ चं. इतक्या सगळ्यांना कुणी कुणी शाप दिले होते?

खरं उत्तर एका यादीत आहे. १९६७ ते १९८३ ही सतरा वर्षं घ्या. सगळी विजेतेपदं रिचमंड, कार्लटन, हॉथॉर्न आणि नॉर्थ मेलबर्न या चौघांनी वाटून घेतली. बारापैकी उरलेले आठ क्लब कोरडे. १९६८ पासून लीगने ग्रामीण भाग क्लबांमध्ये वाटून दिला आणि ज्याला जो टापू मिळाला तिथले खेळाडू त्याचे झाले. काही टापू सुपीक निघाले. हॉथॉर्नच्या वाट्याला आलेल्या भागातून पिढ्यानपिढ्या पुरतील असे खेळाडू आले. त्यातच कार्लटनसारख्या क्लबांनी पैसा ओतायला सुरुवात केली. मेलबर्न मात्र १९८० पर्यंत मेलबर्न क्रिकेट क्लबचाच एक भाग होता. मैदान देशातलं सर्वात मोठं, पण घर भाड्याचं, अशी त्याची गत. इतर क्लबांची उपनगरांत स्वतःची मैदानं होती, तिथल्या लोकांचा राबता होता, कमाईची साधनं होती. परिणाम: १९६४ नंतर मेलबर्नला फायनल्सचं तोंड दिसलं ते १९८७ मध्ये. बावीस मोसम. शापाच्या गोष्टीतलं ‘शेवटच्या पायरीवरून कोसळणं’ सोडाच, पहिल्या पायरीवर पाय ठेवायलाच बावीस वर्षं गेली. रॉबी फ्लॉवर हा देखणा विंगर १९७३ पासून २७२ सामने खेळला आणि फायनल्स त्याच्या वाट्याला आल्या त्या एकाच मोसमात, कारकिर्दीच्या शेवटच्या.

“दर वेळी नशिबाने दगा दिला”

याचा पुरावा म्हणून तोच १९८७ चा प्रिलिमिनरी फायनल, म्हणजे ग्रँड फायनलच्या आधीचा सामना, सांगतात. हॉथॉर्नच्या गॅरी बकनाराला फ्री किक मिळाली होती, सामना संपल्याचा सायरन वाजत होता, आणि जिम स्टाइन्स नकळत त्याच्या समोरून धावत गेला. नियमाप्रमाणे किकची जागा पंधरा मीटर पुढे गेली. लांबची किक आवाक्यात आली, गोल झाला, मेलबर्न दोन गुणांनी हरला. स्टाइन्स आयर्लंडहून आलेला, हा खेळ शिकून त्याला फार वर्षं झाली नव्हती. ही चूक होती आणि चूक कशी होते हे समजतं. तोच स्टाइन्स पुढे सलग २४४ सामने खेळला, जो विक्रम आहे, आणि २००८ मध्ये अध्यक्ष होऊन त्याने कर्जात बुडालेल्या क्लबला वर काढलं.

उरलेल्या दोन ग्रँड फायनल्सबद्दल फार बोलायची गरज नाही. १९८८ मध्ये हॉथॉर्नकडून ९६ गुणांनी हार, २००० मध्ये एसेंडनकडून ६० गुणांनी. त्या वर्षी एसेंडन सबंध मोसमात एकच सामना हरला होता. नशीब दगा देतं ते दोन-चार गुणांनी. ९६ गुणांनी समोरचा संघ हरवतो.

आणि ज्याला दुर्दैव म्हणता येणारच नाही असंही बरंच आहे. १९९६ मध्ये क्लब हॉथॉर्नमध्ये विलीन व्हायला निघाला होता. मेलबर्नच्या सभासदांनी होकारही दिला, हॉथॉर्नच्या सभासदांनी नाकारलं म्हणून तो वाचला. २०११ मध्ये जीलाँगकडून १८६ गुणांनी हार झाली आणि लगेच कोच डीन बेलीला काढलं. २००९ च्या मोसमात ड्राफ्टमध्ये, म्हणजे तळाच्या क्लबांना आधी संधी देणाऱ्या नव्या खेळाडूंच्या निवडीत, चांगले क्रमांक मिळावेत म्हणून मुद्दाम हरल्याच्या आरोपाची चौकशी झाली. ते सिद्ध झालं नाही, तरी २०१३ मध्ये क्लबला पाच लाख डॉलर दंड भरावा लागला. यामागचे बरेचसे निर्णय कुणीतरी बैठकीत बसून घेतले होते.

“२०२१ मध्ये शाप सुटला”

२५ सप्टेंबर २०२१. कोविडमुळे ग्रँड फायनल एमसीजीऐवजी पर्थला. तिसऱ्या क्वार्टरमध्ये १९ गुणांनी मागे पडलेल्या मेलबर्नने बुलडॉग्सला ७४ गुणांनी हरवलं. ख्रिश्चन पेट्राकाला सर्वोत्तम खेळाडूचं पदक मिळालं, तेच नॉर्म स्मिथ पदक. लेखकांना याहून काय हवं.

पण तो संघ बघा. पेट्राका २०१४ च्या ड्राफ्टमध्ये दुसऱ्या क्रमांकाला घेतलेला, क्लेटन ऑलिव्हर २०१५ मध्ये चौथ्या. कप्तान मॅक्स गॉन २००९ मध्ये ३४ व्या क्रमांकावर उचललेला आणि दुखापतींतून वर्षानुवर्षं जपलेला. बचावातले जेक लेव्हर आणि स्टीव्हन मे दुसऱ्या क्लबांकडून सौदा करून आणलेले. मधल्या काळात कोच पॉल रूसने तीन वर्षं राबून कोसळलेल्या संघाला उभं केलं आणि सायमन गुडविनच्या हाती दिलं. हे काम सात-आठ वर्षांचं आहे.

बरं, शाप सुटला म्हणता, तर २०२२ मध्ये मेलबर्न फायनल्सचे दोन्ही सामने हरून बाहेर पडला. २०२३ मध्ये पुन्हा दोन्ही: कॉलिंगवुडकडून सात गुणांनी, कार्लटनकडून दोन गुणांनी. त्याचं खापर कुणाच्या माथी फोडायचं ते अजून ठरायचं आहे.