सरांपासून सुरक्षित अंतर राखा

लॉला ॲडमिशन मिळाली? अभिनंदन. आता जपायचं ते सर-मॅडमपासून. सिंहस्थाला गोदाघाटावर जावं तसं स्टाफरूमकडे पर्वणीलाच फिरकावं, म्हणजे सबमिशनला. एरवी तो जिनाच टाळा. बार कौन्सिलच्या ७० टक्के हजेरीच्या नियमाला घाबरू नका, डिफॉल्टर यादी लागली की मेडिकल सर्टिफिकेट काढता येतं.

हे लोक घातक असतात. साधी शंका विचारावी तर उत्तर देत नाहीत, "बेअर ॲक्ट उघड" म्हणतात, म्हणजे कायद्याचा मूळ मजकूर वाच. गाईड विकत घेतलेल्या माणसाला याहून मोठा अपमान कोणता?

माझ्या माहितीतल्या एका मुलाने ऐकलं नाही. ड्राफ्टिंगच्या पेपरसाठी लिहिलेला दावा तो मॅडमना दाखवायला घेऊन गेला. निफाडची द्राक्षबाग, शेजाऱ्याने बांध कोरलेला, म्हणून ताबा आणि मनाईहुकूम मागायचा. नमुना कॉलेज रोडवरच्या झेरॉक्सवाल्याचा, नावं तेवढी बदललेली. मॅडमनी पहिल्याच ओळीखाली लाल रेघ मारली. "जमीन निफाडला, मग दावा नाशिकच्या कोर्टात कसा?" दिवाणी प्रक्रिया संहिता, कलम १६: स्थावर मिळकत जिथे, दावा तिथे. पुढे गट नंबर नाही, चतुःसीमा नाहीत, दाव्याला कारण कधी घडलं त्याची तारीख नाही. निशाणी ५ च्या, म्हणजे तात्पुरत्या मनाईच्या, अर्जात 'भरून न येणारे नुकसान' हे शब्द छान होते, पण नुकसान काय, ते नव्हतं. "छाटणी तोंडावर आलीय की नाही बागेची? मग ते लिही ना!" पुन्हा लिहून आणायला लावलं. पुन्हा लाल.

परिणाम पाहा. बाकीचे वर्गमित्र आज नाशिकच्या सीबीएसजवळच्या कोर्टात सीनियर वकिलाची बॅग धरून निवांत तारखा घेतात, फार तर एखादी पुरसिस, म्हणजे कोर्टाला कळवायची चार ओळींची चिठ्ठी, देतात. या बिचाऱ्याला सीनियर कैफियती, म्हणजे दाव्याला द्यायची लेखी उत्तरं, लिहायला बसवतात आणि वर युक्तिवादालाही उभं करतात. घरी जायला रात्र होते.

तेव्हा ज्ञान घ्यायचं ते मागच्या बॅचच्या नोट्समधूनच. त्यात जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ४८२ म्हणजे उच्च न्यायालयाचे अंगभूत अधिकार. १ जुलै २०२४ पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ४८२ म्हणजे अटकपूर्व जामीन, आणि ते अंगभूत अधिकार ५२८ मध्ये गेले, असल्या बारीकसारीक गोष्टींत पडू नका. अशील पडेल.

दोन खटल्यांचं कामकाज प्रत्यक्ष बघून जर्नल लिहायचं असतं. कोर्ट गावातच आहे, पण ऊन फार. वरच्या वर्गातल्या कुणाचं तरी जर्नल उतरवा. फक्त व्हायवाला "उलटतपासात साक्षीदार कुठे अडखळला?" असं विचारणारे सर समोर आले तर खोकल्याची उबळ येऊ द्या.

आता मेंटॉर योजनेबद्दल, कारण तिथे कॉलेजं तुमच्याच बाजूने आहेत. कॉलेजचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकची समिती यायच्या आदल्या आठवड्यात तुम्हाला कळेल की गेली दोन वर्षं तुम्हाला एक मेंटॉर होते. रजिस्टर पुढे येईल. 'अडचणी' या रकान्यात 'नाहीत' लिहा, 'मार्गदर्शन' या रकान्यात 'केले', आणि मागच्या सगळ्या महिन्यांच्या सह्या एका बैठकीत करा. पेन मात्र दोन-तीन रंगांचे वापरा, पुराव्याचा कायदा शिकताय तुम्ही. मेंटॉर सर बहुधा तासिका तत्त्वावरचे असतात. त्यांना पैसे तासाचे, आणि तुमच्याशी बोलणं तासात धरत नाहीत. तरीही काही जण थांबतात, पार्किंगमध्ये स्कूटरला टेकून तुमच्या मूटचं, म्हणजे अभिरूप न्यायालयाचं, मेमोरियल (लेखी युक्तिवाद) तपासतात. अशांना वेळीच ओळखून मागच्या गेटने निघा.

एलएलएमला किंवा एखाद्या फर्ममध्ये अर्ज करताना मात्र शिफारसपत्र लागेल. तेव्हा बेधडक स्टाफरूममध्ये जा, वाकून नमस्कार करा. मॅडमनी नाव विचारलं तर वाईट वाटून घेऊ नका, आयडी कार्ड पुढे करा. पत्राचा मजकूर घरूनच टाइप करून न्या: 'सदर विद्यार्थ्यास मी गेली पाच वर्षे जवळून ओळखते.'