आयपी 68 चा सेल बसवला, तरी ओल येते कुठून?

नमस्कार. तुमचं म्हणणं असं, की भुईकाट्याला आयपी 68 चे (आयपी म्हणजे धूळ-पाणी रोखण्याचा दर्जा) लोडसेल, म्हणजे वजन मोजणारे सेन्सर, बसवले की पाण्याचा प्रश्न मिटला. आणि जंक्शन बॉक्सचा, म्हणजे सगळ्या सेलच्या केबल जिथे जोडतात त्या पेटीचा, बाऊ करून मी लहान काटेवाल्यांना खर्चात पाडतोय. याचं उत्तर सविस्तर देतो, कारण त्या काट्यावर शेतकऱ्याचा ऊस तोलला जातो.

खड्ड्यातल्या काट्याला 68 हवाच, यात दुमत नाही. पण आयपी 67 म्हणजे सेल एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकतो. 68 त्याहून कडक. मात्र किती खोल, किती वेळ हे उत्पादकाशी ठरतं, म्हणून दोन कंपन्यांचे 68 सारखे नसतात. आणि चाचणीत केबलचं मोकळं टोक कोरडं असतं. आपल्याकडे तेच टोक गाळप संपल्यावर अख्खा पावसाळा दमट बॉक्समध्ये पडून असतं. रात्री सेल थंड झाला की आतली हवा आकसते आणि केबलच्या आवरणातून ओलसर हवा ओढली जाते. तांब्याच्या तारांमधून पाणीही झिरपत पुढे सरकतं.

याने किती फरक पडतो? सेलच्या आत चार रोधांचा ब्रिज असतो. 350 ओहमच्या ब्रिजच्या एका भुजेला समांतर 10 मेगाओहमची गळती झाली, तर नेहमीच्या 2 मिलिव्होल्ट प्रति व्होल्टच्या सेलचं शून्य पूर्ण क्षमतेच्या सुमारे 0.44 टक्क्याने सरकतं. 30 टनी सेलला हे सव्वाशे किलोच्या वर जातं! वजन दाखवणारा इंडिकेटर हळूहळू सरकणारं शून्य सावरून घेतो, त्यामुळे दोष लपतो. ऊन पडलं की गळती कमी, रात्री पुन्हा जास्त. मग ऑपरेटरवर संशय घेतला जातो, हे मला फार खटकतं.

खर्चाचं म्हणाल, तर बॉक्स खड्ड्याबाहेर भिंतीवर घ्या, ग्लँड (केबल आत शिरते तिथलं घट्ट बूच) खालच्या बाजूला ठेवा, ते केबलच्या जाडीचेच वापरा, रिकामी भोकं बंद करा. बॉक्सला वजनमाप खात्याचं सील असेल तर हे काम परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडूनच करून घ्या. खड्ड्यातला पंप चालू राहील एवढं पाहा. हे सगळं एका नव्या सेलपेक्षा स्वस्त पडतं.

हंगामाआधी प्रत्येक सेल सुटा करून, सगळ्या तारा एकत्र जोडून, तारा आणि बॉडी यांच्यातला रोध मोजून घ्या. चांगल्या सेलला काही हजार मेगाओहम दिसतात. मेगर (हा रोध मोजायचं यंत्र) मात्र 50 व्होल्टवरच ठेवा. 500 व्होल्ट लावलेत तर चांगला सेलही जाऊ शकतो. आकडे इथे लिहिलेत तर कोणता सेल बदलायचा आणि कोणता नुसता वाळवून चालेल, हे आपण मिळून ठरवू.