‘फिल्टरचं जुनं दुकान’: एका प्रतिक्रियेला उत्तर

ईसीजीच्या सिग्नलमधला गोंगाट फिल्टरने कसा गाळावा, यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, “हल्ली एआय मॉडेल कच्च्या सिग्नलवरच ९९ टक्के अचूक चालतं, फिल्टरचं जुनं दुकान बंद करा.” मतभेद जरूर मांडा. पण ‘दुकान’? मी इथे काही विकत नाही. समोरासमोर ज्या स्वरात बोलला नसतात, तो स्वर नाव न टाकता वापरायचा, हे मला पटत नाही.

लेखातल्या ग्राफवरची अक्षरं मोबाइलवर बारीक दिसतात, ही तुमची तक्रार रास्त आहे. मोठी करतो.

आता तुमचे ९९ टक्के. हा आकडा बहुतेक वेळा एमआयटी-बीआयएच या बोस्टनच्या ईसीजी-संचावरचा असतो: ४७ माणसांची अर्ध्या-अर्ध्या तासाची ४८ रेकॉर्डिंग्ज, सेकंदाला ३६० नमुने, १९८० साली खुला झालेला. सगळे ठोके एकत्र पिसून त्यातलेच काही शिकवायला आणि काही तपासायला घेतले, की एकाच माणसाचे ठोके दोन्हीकडे जातात. मग मॉडेल आजार ओळखतं की माणूस? शिकवायला आणि तपासायला वेगवेगळी माणसं घ्या, आकडा उतरतो. अलिंदातून, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यातून, अवेळी येणाऱ्या ठोक्यांवर तर फारच. शिवाय त्यातले बहुसंख्य ठोके नॉर्मल गटातले. डोळे मिटून ‘नॉर्मल’ म्हणत राहिलं तरी नव्वदच्या आसपास जाता येतं. हे न तपासता दुसऱ्याला जुनाट म्हणायचं, याला काय म्हणावं?

आणि कच्चा सिग्नल तुम्ही पाहिलाय कुठे? मी परळच्या एका रुग्णालयाच्या बायोमेडिकल विभागात उमेदीची वर्षं काढली आहेत. मे महिन्यात लोकलच्या गर्दीतून आलेला पेशंट, छाती घामाने ओली, इलेक्ट्रोड सुटतोय, बेसलाइन, म्हणजे रेघेची मूळ पातळी, वर-खाली. अर्थिंग खराब असेल तर इथल्या विजेचा ५० हर्ट्झचा गुणगुणाट ईसीजीच्या पट्टीवर अर्ध्या-अर्ध्या मिलिमीटरवर उमटतो. रेघ जाड, केसाळ दिसते आणि पी वेव्ह, म्हणजे ठोक्याच्या उंच टोकाआधीची छोटी लाट, त्यात बुडते. एट्रियल फिब्रिलेशन (अलिंदांची अनियमित थरथर) आहे की नाही हे ठरवताना हीच पी वेव्ह शोधायची असते. तुमचा लाडका संच बोस्टनचा, तिथली वीज ६० हर्ट्झची. तिथे शिकलेल्या मॉडेलला इथला गोंगाट आपोआप कळेल, हे गृहीत कसं धरलंत?

फिल्टर डोळे झाकून लावा असं मी कुठेही म्हटलेलं नाही. ०.५ हर्ट्झखालचं सगळं कापलं तर एसटी सेगमेंट (उंच टोकानंतरचा भाग, हार्ट अटॅकच्या खुणा जिथे शोधतात) सरकलेला दिसू शकतो, म्हणूनच निदानाच्या ईसीजीत ०.०५ हर्ट्झपासून सिग्नल ठेवतात. लेखात यावर अख्खा परिच्छेद आहे. तो तुम्ही वाचलेला दिसत नाही.

स्मार्टवॉचच्या किमती आणि ‘मराठीत हे विषय कशाला’ या तुमच्या बाकीच्या मुद्द्यांवर मी वेळ घालवणार नाही. तुमचं मॉडेल पेशंट वेगळे ठेवून तपासलंय का, तेवढं लिहा. मग पुढे बोलू.