लाईट कमीजास्त झाली म्हणून

गणपतीच्या आदल्या रात्री आमच्या बेळगावच्या शहापुरातल्या घरात एक्स्टेंशन बोर्डावर एक भोक मोकळं मिळणं म्हणजे पंढरपूरच्या एसटीत खिडकी मिळण्यासारखं. त्यात खडेबाजारातनं आणलेली नवी माळ नेमकी यूएसबीवाली निघाली. झेंडा चौकात टिळकांनी १९०५ साली सार्वजनिक गणपती बसवला तेव्हापासून बेळगावला रोषणाई कमी पडलेली चालत नाही, मग काय, माझा जुना लॅपटॉप होताच की. माळ, मखरामागचं फिरतं चक्र आणि भावाचा मोबाईल, तिन्ही एका फुटकळ हबात खुपसले आणि हब लॅपटॉपच्या डाव्या अंगाला लावला. स्क्रीनच्या कोपऱ्यात 'पॉवर सर्ज' असं काहीतरी आलं, मी बंद केलं. परत आलं, परत बंद केलं. तिसऱ्यांदा आलंच नाही, मला वाटलं शहाणा झाला.

सकाळी माऊस मेलेला. डावीकडचे दोन्ही पोर्ट गप्प.

घरात मी जाहीर केलं की रात्री लाईट कमीजास्त झाली त्यात गेलं. हे आमच्याकडं पावसाळ्यात कुणालाही पटतं. शेजारच्या काकांनी तर लगेच न्यूट्रल तुटला की २३० च्या जागी ४०० व्होल्टपर्यंत कसं येतं आणि त्यात त्यांचा टीव्ही कसा गेला हे अर्धा तास सांगितलं, मीही गंभीर तोंड करून ऐकलं, मागनं आमचा फ्रीज मस्त गुरगुरत होता. आई म्हणाली, "मग बाकी सगळं कसं रे चालायलंय?" आईला विजेतलं काही कळत नाही, माझ्यातलं मात्र सगळं कळतं.

भावानं यूट्यूब बघून उपाय काढला. चार्जर काढ, बॅटरी काढ, पॉवरचं बटण तीस सेकंद दाबून धर. धरलं. खरंच एक पोर्ट उठून बसला! दुसरा नाही.

मग गणपत गल्लीकडचं दुकान. तिथला माणूस पहिले तीन दिवस "नाळि बर्री" म्हणाला, चौथ्या दिवशी मी मराठीत विचारलं तर मराठीत "उद्या या" म्हणाला. (सीमाप्रश्न सुटेल तेव्हा सुटेल, ह्या एका शब्दावर दोन्ही भाषांचं एकमत आहे.) शेवटी एकदाचं त्यानं मशीन उघडलं, मल्टिमीटर लावला, टूं वाजलं.

"शॉर्ट हाय. एन हाकिद्री इदक्क?"

म्हणजे ह्याला काय जोडलं होतंत. मी म्हटलं, लाईट कमीजास्त झाली.

"इल्ल री. लाईट जास्त आली की आधी चार्जर जातंय, तुमचं चार्जर बघा, ठणठणीत १९ व्होल्ट द्यायलंय. हे पोर्ट पाच व्होल्टचं, जुनं असलं तर अर्धा अँपियर, हे निळं तर ९०० मिलिअँपियर, त्याच्यावर तुम्ही काय गिरणी चालवलात काय?"

मी गप्प. त्यानं चिमटा घेतला, पोर्टात घातला आणि हळूच ओढून बाहेर काढली एक लांब सोनेरी चमकी. मखराची. काही बोलला नाही, नुसती उजेडात धरून बघितली.

पुढं गरम हवेचं मशीन, धूर, तिळाएवढी नवी आयसी (पोर्टाची वीज सांभाळणारी चिप), आठशे रुपये. जुनी आयसी आणि चमकी एका पुडीत बांधून माझ्या हातात दिली.

घरी पुडी टेबलावर राहिली. आईनं ती उघडली, आयसी कचऱ्यात टाकली आणि चमकी झटकून सजावटीच्या डब्यात ठेवून दिली.