विषय आला की शिकवता येतं, हे खरं नाही

दोन दिवसांपासून आपल्या बडोद्यातल्या मराठी ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय, मला तीनदा आलाय. म्हणणं असं की बीए-बीएस्सीच्या कॉलेजांनी शिक्षक घडवायच्या भानगडीत पडूच नये, ज्याला विषय येतो त्याला शिकवता येतंच, चार वर्षांचं बीए-बीएड म्हणजे वेळ फुकट आणि वर विषयही कच्चा, आणि प्राथमिकला तर कोणीही चालतं. मी वीसेक वर्षं शाळेत गणित शिकवतेय, शिक्षक व्हायचं शिकताना आमच्याकडे सरावाचे पाठ घ्यायला येणाऱ्या मुलामुलींची टाचणं, म्हणजे पाठाची लेखी तयारी, दर वर्षी तपासते, त्यामुळे गप्प बसवत नाहीये.

आधी ते "विषय येतो त्याला शिकवता येतं". आमच्याकडे एक सर होते, एमएस्सी, गणितात एकदम पक्के. सहावीतला एक मुलगा म्हणाला 1/4 हा 1/3 पेक्षा मोठा, कारण 4 मोठा. सरांनी तीनदा सांगितलं, छेद मोठा तर अपूर्णांक लहान, पोराने वहीत लिहूनही घेतलं आणि चाचणीत परत तेच चुकलं. नंतर त्याच वर्गावर पाठ घ्यायला एक मुलगी आली, तिने नियम सांगितलाच नाही, डब्यातून दोन सारखे थेपले काढले, एक तिघांत वाटायचा, एक चौघांत, आणि त्यालाच विचारलं, तू कुठे बसणार? तो पटकन तिघांत जाऊन बसला आणि मग स्वतःच म्हणाला, म्हणजे 1/3 मोठा ना! मी तिला विचारलं हे सुचलं कसं, तर म्हणाली कॉलेजात आम्हाला मुलांशी बोलून त्यांची चुकीची उत्तरं कारणासकट लिहून आणायला लावतात. मूल साध्या आकड्यांची सवय अपूर्णांकाला लावतंय हे ओळखणं गणिताच्या डिग्रीत कुठे शिकवतात? अमेरिकेत शिक्षणतज्ज्ञ ली शुलमन यांनी 1986 मध्ये हेच मांडलं होतं, की विषय येणं वेगळं आणि तो शिकवण्यासाठी लागणारी विषयाची जाण वेगळी.

वेळेचं म्हणाल तर साधा हिशोब करा. बीए 3 वर्षं, बीएड 2015 पासून 2 वर्षं, झाली 5. एकत्र केलं तर 4. विषय कच्चा राहायची भीती मात्र मला पटते, जिथे विषयाचे तास कापतात तिथे तसं होणारच, पण म्हणूनच तर हे काम विषयाचे प्राध्यापक असलेल्या कॉलेजात व्हायला हवं ना, नुसत्या बीएडच्या वेगळ्या इमारतीत नको, आणि 2020 च्या शैक्षणिक धोरणातही तेच आहे. अजमेर, भोपाळ, भुवनेश्वर, म्हैसूरला चार वर्षांचे असे कोर्स 1960 च्या दशकात सुरू झालेत, नवीन काही नाही.

प्राथमिकला कोणीही चालतं? ऑगस्ट 2023 मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की पहिली ते पाचवीसाठी बीएडसुद्धा चालणार नाही, लहान मुलांना शिकवायचं वेगळं प्रशिक्षण लागतं.

आणि हे बडोद्यात बसून फॉरवर्ड व्हावं याचं मला जास्त वाईट वाटतं. सयाजीरावांनी 1893 ला अमरेलीत सुरुवात करून 1906 मध्ये अख्ख्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, 1935 मध्ये इथे माध्यमिक शिक्षकांसाठी ट्रेनिंग कॉलेज निघालं, आज तीच आपल्या युनिव्हर्सिटीची एज्युकेशन फॅकल्टी आहे.

ज्यांनी मेसेज पाठवलाय त्यांनी एकदा आमच्या शाळेत या, पाठ चालू असताना मागच्या बाकावर एक तास बसा, मुख्याध्यापकांची परवानगी मी काढून देते.