पायाखालची पेटी

साबणाच्या डबीहून जराशी मोठी, वर तीन बटणे, एक लाल दिवा आणि पायाने दाबायची एक कळ असलेली अ‍ॅल्युमिनियमची पेटी निवडण्यात मी मागच्या मृगापासून या मृगापर्यंतचे अख्खे वर्ष घालवले. तेवढ्या काळात आमच्या शेजारच्या मुलीचे लग्न ठरले, मोडले, दुसरीकडे ठरले आणि पारही पडले. वेंगुर्ल्याच्या माणसाला ‘पेटी’ म्हटले की एक तर भजनाची आठवते, नाही तर आंब्याची. त्यामुळे मी नेमका कोणत्या पेटीसाठी झुरतो आहे, हे आळीला समजावून सांगण्यातच पहिले चार महिने गेले.

इलेक्ट्रिक गिटारच्या तारेची थरथर तिच्याखालचे चुंबक आणि तांब्याच्या तारेचे वेटोळे टिपतात आणि ती वायरीवाटे अ‍ॅम्प्लिफायरकडे जाते. या वाटेत जमिनीवर ठेवायची आणि पायाने चालू-बंद करायची जी पेटी असते, तिला पेडल म्हणतात. हा सगळा खुलासा मी आईला अतिशय सोप्या भाषेत केला. तिने त्यातला एकच शब्द उचलला. “वाद्याक पाय लावतंस? आणि ता पैशे देऊन?” तिच्या या प्रश्नाला जगातल्या कोणत्याही पेडलवाल्याकडे उत्तर असेल असे मला वाटत नाही. शेवटी तडजोड अशी झाली, की वाजवायला बसण्यापूर्वी मी प्रत्येक पेडलला हात लावून तो कपाळाशी नेईन. गोव्यात मित्रांबरोबर कधीमधी वाजवायला जातो तेव्हाही मी हा नेम पाळतो आणि समोरच्या लोकांना वाटते, की मी सैल झालेली वायर चाचपतो आहे.

आता कारखान्यात बनलेली बरी पेडले तीन-चार हजारांत मिळत असताना हातबनावटीच्या पेडलापायी पंधरा-वीस हजार कशाला घालवायचे, हा प्रश्न बायकोने विचारला होता आणि मी तो ऐकू आला नाही असे दाखवले होते. खरे उत्तर द्यायचे तर आधी हे कबूल करावे लागले असते, की ज्या आवाजासाठी हा खटाटोप चालतो तो मुळात बिघाडाचा आवाज आहे. १९६१ च्या सुमारास अमेरिकेत नॅशव्हिलच्या एका स्टुडिओत ध्वनिमुद्रणाच्या यंत्रातला एक भाग बिघडला आणि गिटार घरघरू लागली. ती घरघर लोकांना इतकी आवडली, की १९६२ मध्ये ‘मायस्ट्रो’ या नावाने ती खास निर्माण करणारी पेटी बाजारात आली. तेव्हापासून चांगल्याभल्या ध्वनिलहरींचे शेंडे छाटून आवाज फाडण्याच्या कलेला बहर आला आहे. आमच्या शेजारचे अण्णा, जे पन्नास वर्षे भजनात पेटी वाजवत आहेत, ते मी वाजवू लागलो की कुंपणापलीकडून विचारतात, “रेडिओ बिघाडलो काय रे तुजो?” त्यांना हा इतिहास ठाऊक नाही, पण त्यांचे निदान अचूक आहे.

निवडीची सुरुवात मी जर्मेनियमच्या पेडलांपासून केली, ही माझी चूक. १९६६ मध्ये लंडनमध्ये ‘फझ फेस’ नावाचे पेडल निघाले, जे माइकच्या स्टँडच्या बैठकीसारखे वाटोळे होते आणि जे पुढे गिटारवादक जिमी हेन्ड्रिक्सच्या पायाखाली जाऊन अजरामर झाले. त्याच्या पोटात दोन जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर असत. हे ट्रान्झिस्टर एकासारखे दुसरे कधी निघत नाहीत. म्हणून हाताने पेडल बनवणारा माणूस जुन्या साठ्यातले मूठभर ट्रान्झिस्टर घेऊन एकेक मोजतो आणि सोयरीक जुळवावी तशी त्यांतून जोडी जुळवतो. एवढे सगळे मला पटले होते. कोणी सांगितले नव्हते ते इतकेच, की जर्मेनियमला उकाडा सोसत नाही. तापमान दहा अंशांनी वाढले, की त्यातून पाझरणारा प्रवाह जवळजवळ दुप्पट होतो आणि आवाज गळपटतो. लंडनच्या गारठ्यात जन्मलेली ही वस्तू म्हापशाच्या मित्राकडून आठ दिवसांच्या बोलीवर मी घरी आणली, ती नेमकी मे महिन्यात.

सकाळी सात वाजता ती गात असे. अकराला तिचा घसा बसे. दुपारी दोनला, पडवीच्या कौलांखाली, ती फणसाच्या गऱ्यासारखी बुळबुळीत होऊन एकेक सूर अर्ध्यावर गिळू लागे. गरम झालेले फझ पेडल शीतकपाटात ठेवून ताळ्यावर आणतात, हे मला माहीत होते. म्हणून मी ते पेडल प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून, सोलकढीचे पातेले आणि साफ करून ठेवलेले बांगडे यांच्या मधल्या जागेत सरकवले. अर्ध्या तासाने बाहेर काढले तेव्हा आवाज खरोखरच सुधारला होता, पण आमच्या हवेतला सगळा दमटपणा त्या थंड पत्र्यावर थेंब होऊन बसला होता आणि पिशवीला कुठेतरी भोक असावे, कारण बायको शांतपणे म्हणाली, “या डब्याला बांगड्यांचा वास येतो आहे, तो मी समजू शकते. बांगड्यांना या डब्याचा वास यायला लागला, तर मात्र तुम्हीच खायचे.” पेडल मी दुसऱ्या दिवशी परत केले. मित्राने ते नाकाशी नेले आणि काही न बोलता खिडकीत ठेवले.

त्यानंतर मी शहाणपणाने ओव्हरड्राइव्ह नावाच्या सौम्य प्रकाराकडे वळलो आणि तिथे भाषेत अडकलो. या पेडलांचे वर्णन करणारे लोक आवाजाला लोण्यासारखा, लाकडासारखा, चावता येण्याजोगा, असे काहीही म्हणतात. सर्वांत मोठी स्तुती म्हणजे ‘पारदर्शक’. पारदर्शक पेडल म्हणजे असे, की ते चालू केले तरी मूळ गिटारच ऐकू येते आणि पेडल आहे हे कळतच नाही. म्हणजे अठरा हजार रुपये देऊन एक गोष्ट आणायची आणि ती आणल्याचे कोणाला कळले नाही, तर ती उत्तम. आमच्याकडे दूधवाला गेली कित्येक वर्षे या तत्त्वावर व्यवसाय करत आहे.

या पारदर्शक पंथाचे दैवत म्हणजे ‘क्लॉन सेंटॉर’. बिल फिनेगन नावाच्या अमेरिकन गृहस्थाने १९९४ पासून पुढच्या चौदा-पंधरा वर्षांत सुमारे ८,००० पेडले विकली. आतली जोडणी कोणी पाहू नये, म्हणून त्याने ती राळेच्या घट्ट थराखाली पुरून टाकली होती. मला यात काही नवल वाटले नाही. मासा कुठे लागतो हे विचारल्यावर आमच्याकडचा तांडेल सगळ्या समुद्राकडे हात करतो. पण राळेखाली काय आहे हे न दिसल्यामुळे लोकांना ते फार महान दिसू लागले आणि वापरलेल्या एका पेटीचा भाव काही हजार डॉलरांवर गेला. शेवटी कोणीतरी राळ खरवडलीच, नकला निघाल्या, आणि फिनेगनने पुढच्या पेडलावर या अतिरेकी बोलबाल्याशी आपला संबंध नाही असे चक्क छापून टाकले. मी त्यातल्या सहा नकलांची तुलना करणारा तक्ता वहीत आखला. आमच्या वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्राने काजूच्या जाती काढल्या, त्यांना सरळ ‘वेंगुर्ला-४’, ‘वेंगुर्ला-७’ अशी नावे दिली आणि बागायतदाराला निवडीचा ताप ठेवला नाही. पेडलवाले मात्र वादळे, ऋषी, राक्षस आणि ग्रह यांच्याखाली उतरत नाहीत.

दुसरा पंथ हिरव्या ‘ट्यूब स्क्रीमर’चा. तो मधले सूर जरा पुढे काढतो, त्यामुळे ड्रमच्या गोंगाटातही गिटार ऐकू येते. जुन्या पेडलांत ‘जेआरसी ४५५८’ नावाची आठ पायांची चिप असे आणि ती जुनीच हवी, नव्या चिपेत ते सत्त्व नाही, असा या पंथाचा ठाम विश्वास आहे. मी बाजारातल्या रेडिओ-मिक्सर दुरुस्त करणाऱ्या आमच्या मेस्त्रीकडे गेलो आणि जमेल तितक्या भक्तिभावाने त्या चिपेचा नंबर उच्चारला. त्याने मान वर न करता खालचा खण उघडला. आत चिंचोक्यांसारखा ढीग होता. “ही तर पंचेचाळीस अठ्ठावन. आमी भजनाच्या अ‍ॅम्पात हीच घालतव. किती होयी?”

हा किस्सा मी अण्णांना सांगितला नाही, कारण त्यांच्याकडे बोट दाखवायला जागा आहे, हे मला तोपर्यंत कळले होते. अण्णांच्या पेटीत गुजरातेतल्या पालिताण्याच्या स्वरपट्ट्या आहेत आणि दुसऱ्या गावच्या पट्ट्या घातलेली पेटी ते हातात घेत नाहीत. “त्येंचो आवाज कोरडो,” म्हणतात. त्यांच्या पखवाजवाल्याने मागच्या वर्षी शाई तीनदा बदलून घेतली, आणि डाव्या पुडीला कणीक किती पातळ लावावी यावरून डबलबारीच्या भजनी सामन्याच्या आदल्या रात्री दोघांत जे बोलणे झाले, त्यानंतर ते आठवडाभर एकमेकांकडे पाहत नव्हते. कोरडा आवाज आणि ओला आवाज यांतला फरक मला आजवर ऐकू आलेला नाही. माझ्या दोन पेडलांतला फरक त्यांना ऐकू येत नाही. आमचे कुंपण एकच आहे.

अखेर पाऊस सुरू झाला, दमट हवेने सगळ्या वायरींच्या टोकांवर हिरवट थर आला, पेडलांचा शोध तांदळाच्या डब्यात ठेवलेल्या वहीपर्यंत येऊन थांबला, आणि मी दूरच्या शहरात एकट्याने पेडले बनवणाऱ्या एका कारागिराला मागणी दिली. वाटले होते सुटलो. तिकडून प्रश्न सुरू झाले. शेंडे छाटणारे डायोड जर्मेनियमचे हवेत, सिलिकॉनचे की एलईडी? जर्मेनियम लवकर छाटतो, सिलिकॉन त्याच्या दुप्पट उशिरा, एलईडी त्याहूनही उशिरा. कळ बंद असताना आवाज सरळ जाऊ द्यायचा की मध्ये त्याचा जोर टिकवणारा बफर घालायचा? वायर किती हात लांब आहे? पेटीचा रंग कोणता? मी प्रत्येक प्रश्नाला दोन दिवस घेतले आणि रंगाला नऊ. शेवटी त्याने तिन्ही डायोड घालून त्यांच्यासाठी एक वेगळी कळ बसवून दिली, म्हणजे निवडीचे काम कायमचे माझ्याच घरी राहिले.

पेडल आले गणपतीच्या तोंडावर. समुद्रासारख्या निळ्या रंगाचे, हाताने रंगवलेले, आणि खरोखर देखणे. महिनाभर मी ती तीन टप्प्यांची कळ खाली-वर करत बसलो. बायकोने एकदा विचारले, की नक्की कशात बदल होतो आहे. मी म्हटले, बारकाईने ऐक. तिने बारकाईने ऐकले आणि गॅसवर दूध उतू जात असल्याचे तिला ऐकू आले.

मग खंडेनवमी आली. आईने कोयता, विळी, शिवणयंत्र आणि अण्णांकडून मागून आणलेले टाळ यांच्या रांगेत माझे पेडलही पाटावर मांडले. महिनाभर पाय लावल्याची भरपाई म्हणून त्याच्यावर इतरांपेक्षा जास्त हळद-कुंकू घातले, आणि पाण्यात कालवलेली ती हळद मधल्या बटणाच्या दांडीवरून आत उतरली. दसऱ्याच्या संध्याकाळी मी वाजवायला घेतले, तेव्हा आवाज चिरकत, अडखळत, मध्येच खरखरून निघत होता, आणि प्रत्येक सुराच्या शेपटीला एक विचित्र, गोड अशी घरघर लागली होती. मी बटण फिरवायला हात पुढे केला, इतक्यात कुंपणापाशी अण्णा थबकले. “आज बरो वाजता हा,” ते म्हणाले. “नवीन घेतलंस?”

दुसऱ्या दिवशी पेडल घेऊन मी मेस्त्रीकडे गेलो. त्याने चार स्क्रू काढले, आतला पिवळा राप पाहिला, साफ करण्याच्या फवाऱ्याची बाटली उचलली आणि नळी बटणाच्या फटीत घातली. मी त्याचा हात धरला. तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला, मागे मिक्सरचे भांडे घेऊन उभी असलेली बाई खाकरली, आणि मी त्याला म्हटले, की मला दोन दिवस विचार करू दे.